समाजसेवेवर पोट कसं भरावं: डिंडोलीतल्या नवशिक्यांसाठी

बारावी झाली आहे, किंवा अमळनेरला मामाकडे राहून समाजकार्याची पदवी पदरात पाडून घेतली आहे. घर सुरतेच्या डिंडोलीत, रो-हाऊसच्या वरच्या मजल्यावर. वडील लूम्सच्या खात्यातून रात्रपाळी करून सकाळी परततात आणि चहाची बशी तोंडाला लावत विचारतात, "मंग, काय ठरनं?" या प्रश्नाला "समाजसेवा" असं उत्तर द्यावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. उत्तर देण्याआधी शेवटपर्यंत वाचावी. वाचूनही उत्तर बदललं नाही तर आपण पात्र आहोत असं समजावं.

लागणारं साहित्य: बॅटरी टिकणारा स्मार्टफोन, पट्टा न तुटणारी चप्पल, आधारशी जोडलेलं बँक खातं, "ताई, दार उघडा" हे वाक्य अहिराणी, गुजराती, भोजपुरी आणि ओडियात म्हणता येणं, आणि घरात दुसरं कोणीतरी कमावतं माणूस. शेवटची वस्तू नसेल तर बाकीच्या जमवण्यात वेळ घालवू नये.

पायरी पहिली: खांबावर की गल्लीत, ते ठरवा

डिंडोलीत समाजसेवक शोधायला लांब जावं लागत नाही. श्रावणात कानबाई बसली की चौकाचौकात हात जोडलेले फोटो उगवतात. फोटोखाली नाव, नावाखाली ‘समाजसेवक’. गणपतीत तोच फोटो, नवरात्रात तोच, छठपूजेला तलावाच्या वाटेवर तोच. फक्त शुभेच्छांची भाषा बदलते. हा खांबावरचा प्रकार. तो निवडणाऱ्यांना मार्गदर्शन लागत नाही, त्यांना फ्लेक्सवाला लागतो.

तरी कमाईचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगून टाकतो. निवडणुकीच्या शपथपत्रात व्यवसायाच्या रकान्यात ‘समाजसेवा’ लिहिणारे उमेदवार देशभर सापडतात. त्याच शपथपत्रातलं मालमत्तेचं पान उलटलं की या क्षेत्राला भवितव्य आहे याची खात्री पटते. या वाटेनं गांधीनगरला पोचलात तर २०१८ च्या वाढीत आमदाराला महिन्याला १,१६,३१६ रुपये ठरले. त्याआधी ७०,७२७ होते. मग विधानसभेनं आपल्याच सभासदांची अडचण ओळखली. दिल्लीला पोचलात तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेला पगार १,२४,००० रुपये, शिवाय दिवसाचा भत्ता २,५०० रुपये. खासदारांचा पगार महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेला आहे, म्हणजे डाळ महागली की कोणी निवेदन न देताही ती बातमी त्यांच्या खात्यापर्यंत पोचते. ही सोय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा प्रकार गल्लीतल्या बाईचा. तिच्या नावाचा बॅनर लागत नाही. पण कुठल्या खोलीत कोण गरोदर आहे, कोणाच्या पोराचा डोस चुकला, कोणाचा नवरा पिऊन मारतो आणि कोणाला महिनाभर खोकला आहे तरी तो दवाखान्यात जात नाही, हे सगळं तिला ठाऊक असतं. लोक तिला आशाबेन म्हणतात, आंगणवाडीवाली बेन म्हणतात. समाजसेवक म्हणत नाहीत. ती जागा खांबावर भरली गेली आहे. इथून पुढची मार्गदर्शिका तिच्यासाठी. पुरुष वाचकांनी नाराज होऊ नये, त्यांना चौथ्या पायरीवर बसायला जागा ठेवली आहे.

पायरी दुसरी: नगावर काम करायला शिका

आशा ही योजना २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली आणि २०१३ नंतर शहरी अभियानामार्फत वस्त्यांत उतरली. शहरात एका आशेकडे साधारण दोनशे ते पाचशे घरं. कागदोपत्री ती स्वयंसेविका. म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. हे पुण्याच्या वाचकाला समजावून सांगावं लागलं असतं. डिंडोलीकराला लागत नाही. आपल्याकडे घरोघरी बायका साडीला लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, धागे कापतात, तेही नगावरच. नग दिला की पैसे, डॅमेज निघाला की कापले. सरकारनं हे जॉबवर्क साडीवरून बाळावर आणलं, एवढाच फरक.

दरपत्रक पाठ करा. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या सरकारी योजनेत बसणारी गरोदर बाई असेल तर शहरात ४०० रुपये: अर्धे बाळंतपणाआधीच्या तपासण्या करून घेतल्याबद्दल, अर्धे तिला दवाखान्यात बाळंत केल्याबद्दल. खेड्यातल्या आशेला याच कामाचे ६०० मिळतात. डिंडोली २००६ साली सुरत महापालिकेत आली, त्याचा आणखी एक लाभ म्हणून हा धरावा. पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की बाळामागे १००, दुसऱ्या वर्षाचं झालं की ७५.

आता एक गणित सोडवू. तुमच्या हद्दीत एक बाळ दवाखान्यात जन्मलं आणि घरी आलं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी जायचं. वजन घ्यायचं, ताप पाहायचा, श्वास मोजायचे, आईला दूध पाजायची रीत दाखवायची, आणि नाळेला काहीबाही लावू नका म्हणून आजीशी न भांडता भांडायचं. सहा भेटींचे मिळून २५० रुपये. भेटीमागे ४१ रुपये ६७ पैसे. (या ६७ पैशांचं काय करावं, यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढण्याचा विचार आहे.)

हे काम आलं कुठून ते माहीत असावं, मुलाखतीत विचारत नाहीत तरी. आलं गडचिरोलीहून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर उपचार करायलाही शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. डॉक्टर नाही, इमारत नाही, यंत्र नाही. शिकवलेली बाई आणि तिच्या फेऱ्या. २०११ मध्ये केंद्रानं ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली. एखाद्या बाईच्या चालण्यानं किती जीव वाचतात याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसऱ्या फार थोड्या सरकारी कामांपाशी असेल. दरपत्रक ठरवणाऱ्यांनी तो पुरावा वाचला आणि भेटीमागे ४१ रुपयांवर त्यांचं समाधान झालं.

हे पैसे हप्त्यानं मिळत नाहीत, शेवटी एकदम मिळतात. त्यासाठी २०११ च्या सूचनांमध्ये अटी आहेत. बाळाचं वजन कार्डावर चढलेलं हवं. जन्माची नोंद झालेली हवी. सुरुवातीचे डोस दिलेले हवेत. आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघंही सुखरूप हवेत. शेवटची अट सावकाश वाचा. तिसाव्या दिवशी बाळ दगावलं तर तुमच्या पाच फेऱ्या झालेल्या असतात, त्या घरातलं रडणं तुम्ही ऐकलेलं असतं, आणि हिशेबात तो नग डॅमेज धरलेला असतो.

डिंडोलीच्या काही खास अडचणी आहेत, त्या कुठल्याच सरकारी पुस्तिकेत नाहीत. पहिली: खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. आठ महिने तुम्ही तिच्या लोहाच्या गोळ्या मोजता, तपासणीच्या रांगेत उभ्या राहता, आणि एके दिवशी ती उधन्याला भुसावळकडची गाडी पकडून शिंदखेड्याला निघून जाते. तुमचे दोनशे रुपये तिच्या शेजारी, खिडकीपाशी बसून जातात. तेव्हा नाव नोंदवतानाच माहेर विचारून घ्यावं. माहेर आणि सासर दोन्ही डिंडोलीत असलेली सून मिळाली तर तिला जपावं. दुसरी अडचण भाडेकरूंची. पंचविसाव्या दिवशी घरमालकाशी वाजलं की कुटुंब रूम खाली करून पांडेसऱ्याला जातं. अठ्ठाविसावा दिवस तिथे उगवतो, तुमची हद्द इथे संपते.

ठरावीक असं काहीच मिळत नाही का? मिळतं. यादी ठेवणं, बैठका, सर्वेक्षण अशा रोजच्या कामांसाठी केंद्रानं ऑक्टोबर २०१८ पासून महिन्याला २,००० रुपये धरले होते, २०२५ मध्ये ते ३,५०० केले. राज्य सरकार वर भर घालतं. सगळं जुळून आलं, एकही बाळ दगावलं नाही, एकही सून माहेरी गेली नाही, पोर्टल बंद पडलं नाही, तर महिना बरा जातो. शिवाय मानसन्मान आहेच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा एकत्रित गौरव केला. भत्त्याच्या अर्जात त्या गौरवासाठी रकाना शोधू नये, तो नसतो.

पायरी तिसरी: आंगणवाडीत बसा

चालणं झेपत नसेल तर आंगणवाडी. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ची, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर सुरू झालेली, त्यामुळे साधेपणाचा आग्रह तिच्या जन्मापासूनच आहे. गुजरातेत २०२२ च्या वाढीनंतर सेविकेला महिना १०,००० रुपये आणि मदतनिसाला, म्हणजे गुजरातीत तेडागरबेनला, ५,५००. यातला केंद्राचा वाटा सेविकेमागे ४,५०० आणि मदतनिसामागे २,२५०. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरला आणि २०२५ मध्येही संसदेत तोच सांगितला गेला. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली महागाईच्या निर्देशांकाची सोय आठवली का? ती इथे नाही. डाळ महागल्याची बातमी आंगणवाडीत फक्त डाळीच्या डब्यातून कळते.

आता तुलना. राज्य सरकारनं २०२३ मध्ये किमान वेतनाचे नवे दर जाहीर केले. महापालिका हद्दीतल्या अकुशल कामगाराला महिना ११,७५२ रुपये, कुशल कामगाराला १२,३२४. सेविकेला बारावी पास असण्याची अट आहे. म्हणजे तिनं शिक्षण विसरून अकुशल व्हायचं ठरवलं तर तिला पगारवाढ मिळेल. पण किमान वेतनाचा हा हिशेब आंगणवाडीच्या दाराशी चपला काढून बाहेरच उभा राहतो, कारण आत मिळतं ते मानधन.

कोर्टाची पायरी चढायची हौस असेल त्यांनी थोडा इतिहास वाचावा. २००६ मध्ये कर्नाटकच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाही. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयानं, यावेळी आपल्या गुजरातेतल्या दाहोद जिल्ह्यातून गेलेल्या खटल्यात, सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. म्हणजे निवृत्त होताना ती कर्मचारी ठरली. कामावर असताना काय, हे शिल्लक राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं तेही हाती घेतलं आणि १ एप्रिल २०२५ पासून सेविकेला २४,८०० आणि मदतनिसाला २०,३०० रुपये महिना द्यावेत असं म्हटलं. आकडे उच्चारायलाच गोड आहेत. न्यायालयातला आकडा आणि पासबुकातला आकडा यांची गाठ पडली का, ते मात्र दर महिन्याला एटीएमवर जाऊन स्वतःच पाहावं.

कामाचं स्वरूप साधं आहे. सकाळी पोरं गोळा करायची. तेडागरबेन बोट धरून आणते, नाक पुसते, नाश्ता शिजवते. पोर घरात अहिराणी बोलतं, शेजारचं भोजपुरी, पलीकडचं ओडिया. रजिस्टर गुजरातीत आणि ॲप इंग्रजीतून आलेल्या हिंदीत. या सगळ्यांचं भाषांतर तुम्ही करता, त्याचा दर ठरलेला नाही. मग बालशक्ती आणि मातृशक्ती या पोषक आहाराची पाकिटं वाटायची. त्यासाठी २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आहे, आणि अलीकडे चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. आईचा चेहरा फोनला पटला तरच पाकीट. आई साड्यांना टिकल्या चिकटवायला गेलेली असेल तर चेहरा तिच्याबरोबर गेलेला असतो. फोटो दाखवून चालत नाही, सासूचा चेहरा चालत नाही. ममता दिवस असेल त्या दिवशी नर्सबेनबरोबर लसीकरणाला बसायचं. मतदार यादी आली आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून तुमचं नाव लागलं तर घरोघर फिरायचं. त्याचे निवडणूक आयोगानं २०२५ मध्ये वर्षाला ६,००० चे १२,००० केले, म्हणजे महिन्याला हजार रुपयांत लोकशाही. अजून काही राहिलं असेल तर ते दुपारी व्हॉट्सॲपवर येतं, "अर्जंट" असं लिहून.

पायरी चौथी: पदवी घ्या (ऐच्छिक)

एम.एस.डब्ल्यू. ही भारदस्त पदवी आहे. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण या देशात १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालं, सर दोराबजी टाटांच्या नावानं. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आहे. खान्देशात जळगाव आणि अमळनेरला महाविद्यालयं आहेत, धुळ्याजवळ मोराण्याला आहे. दोन वर्षं तुम्ही व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन शिकता. वस्तीत जाता, अहवाल लिहिता. दीक्षान्त समारंभात फोटो काढता. मग नोकरीची जाहिरात वाचता.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये जिल्हा बाल संरक्षण एककाचे दर दिलेले आहेत. सामाजिक कार्यकर्ता: १८,५३६ रुपये. लेखापाल: १८,५३६ रुपये. यंत्रावर राबताना सापडलेलं पोर, घरातून पळून स्टेशनवर उतरलेली मुलगी, आईबाप दोघंही गेलेली भावंडं यांच्याशी बोलून, घरी जाऊन, समितीपुढे अहवाल मांडणारा माणूस आणि त्याच्या रिक्षाभाड्याची पावती तपासणारा माणूस यांना सरकारनं एकाच तराजूत तोललं आहे. लेखापालांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पावती तपासून झाल्यावर त्यांना रात्री झोप लागते, हाही त्या पगाराचा एक भाग धरावा लागेल. वस्तीत प्रत्यक्ष फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा दर मात्र १०,५९२.

हे सगळं करारावर. तुमचा बी.कॉम. झालेला वर्गमित्र तलाठी झाला तर तोही पहिली पाच वर्षं गुजरातच्या फिक्स पगारावर. पण तो फिक्स पगार ऑक्टोबर २०२३ च्या तीस टक्के वाढीनंतर २६,००० झाला आहे, आणि पाच वर्षांनी त्याची पूर्ण वेतनश्रेणी सुरू होते. तुमचा करार पाच वर्षांनीही करारच राहतो. त्याच्याशी मैत्री तोडू नये, उत्पन्नाचा दाखला काढायला तो लागतो, आणि त्या दाखल्यावर तुमचं उत्पन्न पाहून त्यालाही बरं वाटतं.

खाजगी वाट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, आणि सुरतेला हजिरा लाभलेलं असल्यामुळे कंपन्यांची वाण नाही. तिथल्या सामाजिक विभागात एसी असतो, भेट द्यायला गाडी असते, अहवाल गुळगुळीत कागदावर छापतात. हजिरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, डिंडोलीपासून जमेल तेवढं लांब.

इथवर आलात तर सूत्र तुमच्या लक्षात आलंच असेल. नसेल आलं तर वहीत लिहून घ्या. बाळाच्या पाळण्यापासून जसजसं अंतर वाढतं, तसतसे पैसे वाढतात. नाक पुसणारी तेडागरबेन ५,५००. शेजारी बसून अक्षर गिरवून घेणारी सेविका १०,०००. बाळ अडचणीत आहे हे वस्तीत फिरून शोधणारा १०,५९२. त्याचा अहवाल लिहिणारा १८,५३६. महिन्यातून एकदा येऊन रजिस्टर तपासणाऱ्या मुख्य सेविकेची जागा वर्ग-३ ची, म्हणजे सुरुवातीला तलाठ्याइतकेच २६,०००. बाळाचं प्रकरण कागदावर पाहणारा संरक्षण अधिकारी २७,८०४. त्या कागदावर सही करणारा जिल्हा बाल संरक्षण अधिकारी ४४,०२३. गांधीनगरमध्ये बाळांविषयी बोलणारा, २०१८ च्या दरानंच, १,१६,३१६. दिल्लीत बोलणारा १,२४,०००, अधिक बोलण्याच्या दिवसाचे अडीच हजार. भेटीमागे ४१ रुपये मिळवणारी आशा या ओळीत कुठे बसवायची ते मला जमलं नाही. तिच्या मांडीवर बाळ असतं, म्हणजे अंतर शून्य धरावं लागतं.

नातेवाइकांना द्यायची उत्तरं

"सेवेचे पैसे घेतेस?" हा प्रश्न लग्नात, बारशात आणि खांबावरच्या समाजसेवकाच्या कार्यालयात हमखास विचारला जातो. पाठोपाठ कोणीतरी नामदार गोखल्यांचं नाव काढतो. काढू द्या. गोखले फर्ग्युसनमध्ये महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवत राहिले हे खरं आहे. त्या काळी प्राथमिक शाळेच्या मास्तराला पंच्याहत्तर रुपये मिळत नव्हते हेही खरं आहे. १२ जून १९०५ ला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. सभासद स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही अशी शपथ घेत. पण संस्था माझी आणि माझ्या कुटुंबाची जी व्यवस्था करील तीत समाधान मानीन, हेही त्याच शपथेत होतं. म्हणजे व्यवस्था होती. सभासद त्यागाला बसला तर त्याच्या बायकोला दळण उधार आणावं लागू नये, एवढं गोखल्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे त्यागाचा पहिला अर्धा भाग पोचला. दुसरा पुण्याहून निघालाच नसावा.

अमेरिकेतला भाचा असेल तर तो वेगळं सांगेल. तिथल्या सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये सामाजिक कार्यकर्त्याची मध्यम वार्षिक कमाई ६१,३३० डॉलर होती आणि सगळ्या नोकऱ्या मिळून मध्यम कमाई ४९,५००. तिथेही परिचारिकांशी तुलना करून कुरकुर चालते. पण तो व्यवसाय तिथे देशाच्या मधल्या रेषेच्या वर आहे, आणि आपला किमान वेतनाच्या खाली, एवढं भाच्याला सांगून फोन ठेवावा. त्याच्याकडे सकाळ झालेली असते.

शंकासमाधान

"तुले पगार कितला शे?" असं कोणी विचारलं तर काय सांगावं? "पगार नही वं माय, मानधन शे" असं सांगावं. पुढचा प्रश्न येत नाही. मानधन म्हटलं की लोकांना शाल-श्रीफळ दिसतं.

लग्नाच्या बायोडाटात काय लिहावं? मुलींनी ‘सरकारी योजनेत कार्यरत’ लिहावं, त्यातला पहिला शब्द जाड टाइपात. मुलांनी ‘एनजीओ’ लिहू नये, मुलीचा बाप त्याचा अर्थ बेकार असा लावतो. ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ लिहावं. अर्थ कोणालाच लागत नाही, त्यामुळे स्थळ पुढे सरकतं.

गावाकडे जास्त मिळतं का? मावशी धुळे जिल्ह्यात आशा असेल तर तिला विचारू नये. तिथल्या आशांनी संप केला, मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडलं, आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारला महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर करावी लागली. मावशी हे फार रंगवून सांगते आणि शेवटी "तुम्ही सुरतवाले पैसेवाले" असंही म्हणते.

मग आपणही बसावं का मैदानात? बसावं. मात्र त्या दिवशीच्या भेटी आधी उरकून घ्याव्यात. एकविसावा दिवस मोर्चासाठी थांबत नाही.

जोडधंदा काय करावा? काय करावा असं विचारण्याइतका वेळ ज्यांना आहे त्यांनी या क्षेत्रात येऊ नये. बाकीच्या रात्री जेवणं झाल्यावर लेस लावतातच. तिथे निदान सहाव्या नगापर्यंत पैसे अडत नाहीत.

बढती मिळते का? मिळते, आणि हा प्रश्न विचारणारे वाचक या धंद्यात टिकतील. केंद्राच्या धोरणानुसार सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून भरायच्या आहेत आणि मुख्य सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या सेविकांमधून. जागा निघाली, तुम्ही परीक्षेला बसलात, यादीत नाव आलं, की पहिल्यांदा पगार सुरू होईल. गल्लीत रोज यावं लागणार नाही. महिन्यातून एकदा स्कूटरवरून या, खुर्ची पुसून मागा, चहा आला तर नको म्हणू नका, आणि निघताना तिथल्या सेविकेला सांगा की रजिस्टर अपूर्ण आहे.